नॉट ५ म्हणजे २५० की उणे ६? कॅल्क्युलेटरमधला बिटांचा घोळ

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तुम्ही इलेक्ट्रॉन वापरून, म्हणजे शेवटी जावास्क्रिप्टमध्येच, एक डेस्कटॉप कॅल्क्युलेटर बनवलाय. साधी बेरीज-वजाबाकी नीट चालते, पण प्रोग्रामर मोडमध्ये, म्हणजे बिटांच्या (० किंवा १ च्या घरांच्या) क्रिया करायच्या भागात, तीन ठिकाणी गाडी अडते. नॉट ५ केलं की उणे ६ येतं, आणि गाइड सर म्हणतात २५० यायला पाहिजे. ३००००००००० अँड ४२९४९६७२९५ (अँड म्हणजे दोन्ही आकड्यांत १ असेल त्याच घरात १ ठेवणं) केलं तर उत्तर उणे १२९४९६७२९६. आणि १ ला डावीकडे ३२ घरं सरकवलं की परत १ च. मित्राने सांगितलं म्हणून तुम्ही शेवटी उत्तराला अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू लावली, तर नॉट ५ चं उत्तर ६ यायला लागलं. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, दहा दिवसांवर.

सगळ्यात आधी ती अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू काढून टाका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. तिने एकही उत्तर बरोबर केलेलं नाही. दुसऱ्या उदाहरणात बरोबर उत्तर ३००००००००० आहे (४२९४९६७२९५ म्हणजे सलग बत्तीस १, त्याच्याशी अँड केलं की आकडा तसाच राहतो), तुमच्याकडे आता १२९४९६७२९६ येत असणार. आधी निदान उणे चिन्ह बघून शंका तरी येत होती. आता चूक गुळगुळीत दाढी करून बसलीय.

मी हिंगणा एमआयडीसीत वीसेक वर्षं पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे कंट्रोलर), एनर्जी मीटर आणि त्यांच्याशी बोलणारी छोटी सॉफ्टवेअरं यांत घालवली आहेत. वेबवाला माणूस नाही, पण बिटांशी रोजची भांडणं असतात. त्यामुळे खालचं सगळं त्या बाजूने लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवा.

तुमची तीन लक्षणं वेगवेगळी दिसतात, पण दुखणं एकच आहे. तुमचा कॅल्क्युलेटर वापरणाऱ्याला दोन गोष्टी विचारतच नाही: आकडा किती बिटांचा धरायचा, आणि त्यातला सगळ्यात डावा बिट चिन्ह म्हणून वाचायचा की किंमत म्हणून. तुम्ही विचारलं नाही, म्हणून जावास्क्रिप्टने स्वतःच ठरवून टाकलं: ३२ बिट, चिन्हासकट. अँड, ऑर (कुठेही १ असेल तर १), एक्सऑर (दोनपैकी एकाकडेच १ असेल तर १), नॉट, शिफ्ट यांतलं काहीही करण्याआधी ती भाषा आकडा ३२ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात कोंबते. त्यात ती चुकत नाही, तिचा नियमच तसा लिहिलेला आहे. लहान आकड्यांचे अँड-ऑर तुम्हाला बरोबर आले ते केवळ या कोंबाकोंबीत त्यांचं काही बिघडत नाही म्हणून.

आता ५ घ्या. आठ बिटांत तो ०००००१०१. नॉट म्हणजे प्रत्येक बिट उलटा: ११११०१०. थांबा, मोजा. सात झाले. मी मुद्दाम एक खाल्ला, कारण व्हायवात फळ्यावर लिहिताना नेमकं हेच होतं. बरोबर ओळ ११११११०१० पण नाही, ते नऊ होतात; ११११ १०१० अशी आहे, चार-चारच्या जोडीने लिहा म्हणजे हात चुकत नाही. ही ओळ नुसती किंमत म्हणून वाचली तर २५०. डावा बिट चिन्हाचा धरून वाचली तर उणे ६. ओळ तीच. सर २५० म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात आठ बिट आणि अनसाइन्ड, म्हणजे बिनचिन्हाचं, आहे, आणि प्रोग्राम उणे ६ म्हणतो तेव्हा ३२ बिट आणि साइन्ड. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये बाइट (आठ बिट) निवडून नॉट ५ करून बघा: दशमानात उणे ६ आणि हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या लिखाणात, एफए, एकाच वेळी समोर दिसतील. एफए म्हणजेच २५०.

उणे आकडे असे काहून लिहितात हे सरांनी विचारलं, तर पुस्तकातली टूज कॉम्प्लिमेंटची व्याख्या म्हणून दाखवण्यापेक्षा जुना चक्रीचा वीजमीटर आठवा. पाच चाकांचा मीटर ९९९९९ वरून पुढे गेला की ०००००. आता ००००० वरून चाक एक घर मागे फिरवा: ९९९९९. म्हणजे या मीटरवर उणे एकची जागा ९९९९९ आहे. चार चाकांच्या मीटरवर तीच जागा ९९९९ असेल. चाकं किती ते ठरल्याशिवाय उणे एक कसा दिसतो हे सांगताच येत नाही. बिटांचं तसंच. आठ बिटांत उणे एक म्हणजे २५५, सोळा बिटांत ६५५३५, बत्तिसात ४२९४९६७२९५.

याचा प्रत्यक्ष फटका कसा बसतो ते एका कामाचं सांगतो. आइस्क्रीमच्या एका कोल्ड रूमला तापमान दाखवणारं पॅनल बसवलं होतं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, आणि ऑपरेटरचा फोन: "साहेब, ही कोल्ड रूम आहे का भट्टी? सहा हजार पाचशे पस्तीस डिग्री दाखवून राहिली." पॅनलवर ६५३५.६ आकडा. सेन्सर ठणठणीत होता, आत बरोबर उणे १८ होतं. सेन्सर तापमान दहाने गुणून सोळा बिटांत पाठवायचा, म्हणजे उणे १८०. सोळा बिटांत उणे १८० ची जागा ६५५३६ वजा १८०, म्हणजे ६५३५६. पॅनलमध्ये ते रजिस्टर (आकडा येऊन बसतो ती जागा) मी अनसाइन्ड निवडून ठेवलं होतं. चूक माझीच. ट्रायलच्या दिवशी खोली अजून थंड व्हायची होती, आकडा शून्याच्या वर होता, म्हणून सगळं छान दिसलं. तुमचे लहान आकड्यांचे अँड जसे छान दिसतात, तसंच.

इथपर्यंतचं ३२ बिटांचं प्रकरण सोपं आहे. याच्या खाली आणखी एक खड्डा आहे, आणि तुम्ही त्याबद्दल विचारलेलं नाही म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

जावास्क्रिप्टमधला साधा आकडा म्हणजे ६४ बिटांचा फ्लोटिंग पॉइंट, ज्याला सी-जावावाले डबल म्हणतात. त्यातले सगळे ६४ बिट किमतीसाठी नसतात. काही घातांकाला जातात, एक चिन्हाला, आणि अचूक पूर्णांकासाठी ५३ बिटांची जागा उरते. म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्णांक नेमका बसतो. त्याच्यापुढचा, ...९९३, बसतच नाही. टाइप केलात तर तो गुपचूप ...९९२ होतो. विषम आकडा सम झाला, म्हणजे शेवटचा बिट गेला. साध्या कॅल्क्युलेटरमध्ये सोळाव्या आकड्याला काय होतं याने कुणाचं अडत नाही. बिटांच्या कॅल्क्युलेटरमध्ये शेवटचा बिट हाच कधीकधी सगळा मुद्दा असतो.

मला हे ज्या कॅल्क्युलेटरने शिकवलं तो कुणीतरी हौसेने बनवलेला, फुकट मिळालेला होता, दिसायला देखणा. मायक्रोकंट्रोलरची हेक्स फाइल, म्हणजे त्या छोट्या चिपमध्ये भरायचा प्रोग्राम, हाताने दुरुस्त करत होतो. इंटेल हेक्स पद्धतीच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चेकसम बाइट असतो: ओळीतले सगळे बाइट मिळवायचे, बेरजेचा शेवटचा बाइट उलटा करायचा, एक मिळवायचा. बेरीज आली ई२. हाताने करा: १११० ००१० उलटं केलं की ०००१ ११०१, म्हणजे १डी. अधिक एक, १ई. चेकसम १ई. त्या कॅल्क्युलेटरवर मी ई२ टाकून नॉट दाबलं तर पडद्यावर एकाच्या पुढे सोळा शून्यं. शेवटचे दोन आकडे शून्य-शून्य. मी रात्री साडेअकराला डोळे मिटून एक मिळवून ०१ लिहिलं, आणि प्रोग्रामरने, म्हणजे चिपमध्ये फाइल भरणाऱ्या यंत्राने, ओळ नाकारली. तासभर केबल बदलत बसलो.

झालं काय होतं? त्याने नॉट ६४ बिटांत केलं होतं, ते ठीकच. उत्तर चौदा एफ आणि पुढे १डी असं यायला पाहिजे होतं, आणि शेवटचा बाइट १डी मला मिळालाच असता. पण ते उत्तर त्याने डबलमध्ये ठेवलं. एवढ्या मोठ्या आकड्यांत डबलच्या दोन शेजारच्या किमतींमध्ये २०४८ चं अंतर असतं. आपला आकडा २ च्या ६४ व्या घातापेक्षा फक्त २२७ ने कमी, म्हणून तो उचलून त्या घातावरच नेऊन बसवला. जवळपास सगळे एक असलेली ओळ सगळी शून्यं होऊन बाहेर आली. तुमच्या प्रोग्राममध्ये हेक्स मोडला सोळा एफ टाइप करून बघा आणि त्याचं ऑर शून्याशी करा. उत्तर शून्य येईल.

म्हणून उपाय. इंटरनेटवर तुम्हाला पहिला सल्ला मिळेल की उत्तरापुढे तीन बाणांचा शिफ्ट, >>> ०, लावा. त्याने ३२ बिटांचं अनसाइन्ड उत्तर मिळतं हे खरं आहे: अँडचं उत्तर ३००००००००० येईल आणि नॉट ५ चं ४२९४९६७२९०. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ३२ च्या पुढे जायचंच नसेल आणि वेळ दोनच दिवस असता, तर मीही म्हटलं असतं, लावा आणि मोकळे व्हा. दहा दिवस आहेत, तर नीट करा. सगळा प्रोग्रामर मोड बिगइंटवर न्या. तो जावास्क्रिप्टच्या २०२० च्या मानकात आला, हव्या तेवढ्या लांबीचा पूर्णांक ठेवतो, आणि इलेक्ट्रॉनमध्ये आहेच.

रचना मी अशी करीन. आत साठवायची ती नेहमी बिटांची ओळ, म्हणजे शून्यापासून वरचा अनसाइन्ड आकडा, निवडलेल्या रुंदीत मावणारा. क्रिया झाली की लगेच उत्तर रुंदीला कापायचं. बिगइंटला त्यासाठी अ‍ॅज-यूइंट-एन नावाचं तयार फंक्शन आहे: रुंदी आणि आकडा द्या, तेवढे खालचे बिट परत देतं. उणे ६ ला आठने कापा, २५० मिळतं. साइन्ड हवं असेल तर अ‍ॅज-इंट-एन वापरायचं, पण फक्त पडद्यावर दाखवताना. चिन्ह हा दाखवण्याचा प्रकार आहे, साठवण्याचा नाही. ही एक रेघ प्रोग्रामभर पाळली तर तुमच्या निम्म्या जर-तर अटी गळून पडतील.

कापण्यासाठी स्वतः मास्क (अँड करून हवे तेवढेच बिट राखणारा आकडा) बनवायचा मोह होईल: १ ला रुंदीइतकं डावीकडे सरकवा आणि एक वजा करा. बिगइंटमध्ये ते चालतं. साध्या आकड्यांत केलंत तर तुमचं तिसरं लक्षण तिथेही येऊन उभं राहील: १ ला ३२ घरं सरकवलं की १, वजा १ म्हणजे शून्य, आणि शून्याच्या मास्कने सगळी उत्तरं शून्य. आठ आणि सोळा बिटांना सगळं छान, बत्तिसाला सगळं साफ.

आकडा वाचतानाही जपा. टाइप झालेला मजकूर आधी पार्स-इंटमधून (मजकुराचा साधा आकडा करणाऱ्या फंक्शनमधून) नेला आणि मग बिगइंट केला, तर नुकसान आधीच झालेलं असतं. मजकुरावरून थेट बिगइंट बनवा. हेक्ससाठी पुढे शून्य-एक्स लावलं की तो स्वतः समजतो, मात्र उणे चिन्ह असलेला हेक्स तो घेत नाही, एरर देतो. चिन्ह बाजूला काढून नंतर लावा. साधा आकडा आणि बिगइंट एका बेरजेत मिसळले तरी एरर येतो. सुरुवातीला वैताग येईल, पण तो वैताग तुमच्या फायद्याचा आहे, कारण कुठे डबल शिल्लक राहिलाय ते तोच दाखवतो. आणि शून्याने भागलं की बिगइंट इन्फिनिटी देत नाही, एरर टाकतो. तो पकडा, नाहीतर सरांसमोर खिडकी गोठेल.

शिफ्टबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. १ ला ३२ घरं सरकवून १ का येतो? जावास्क्रिप्ट सरकवायच्या संख्येचे फक्त खालचे पाच बिट बघते. ३२ चे खालचे पाच बिट शून्य, म्हणून शून्य घरं सरकलं. ३३ दिलंत तर २ येईल. ही सवय प्रोसेसरमध्येही आहे: मूळ ८०८६ अशी काटछाट करत नव्हता, ८०२८६ पासून इंटेल ती करतं. जावाही तसंच करते. सी भाषेत रुंदीइतकं किंवा जास्त सरकवलं तर काय होईल याची मानक हमीच देत नाही. पायथन सरळ ४२९४९६७२९६ देतो. मग कॅल्क्युलेटरने काय करावं? माझं मत असं की कॅल्क्युलेटर हा प्रोसेसरचा सिम्युलेटर नाही. माणसाला वाटतं बिट डावीकडून बाहेर पडले, उरली शून्यं. तर शून्यच द्या. पण संख्या रुंदीपेक्षा मोठी आहे का हे सरकवण्याआधी तपासा. बिगइंटला कुणी एक अब्जाहून जास्त घरं सरकवायला सांगितली तर तो मेमरी खात बसेल किंवा एरर टाकेल.

उजवा शिफ्ट दोन प्रकारचा. ११११ १०१० एक घर उजवीकडे: डावीकडून शून्य आत घेतलं तर ०१११ ११०१, म्हणजे १२५. चिन्हाचाच बिट परत घेतला तर ११११ ११०१, म्हणजे उणे ३. पहिला लॉजिकल, दुसरा अरिथमेटिक. बटणावर नुसतं 'राइट शिफ्ट' लिहिलंत तर तुम्ही पुन्हा न विचारता ठरवताय. विंडोजचा कॅल्क्युलेटर यासाठी वेगळी निवड देतो, तुम्हीही द्या. बिगइंटमध्ये तीन बाणांचा शिफ्ट नाहीच, पण ओळ अनसाइन्ड ठेवली असेल तर साधा उजवा शिफ्ट हाच लॉजिकल होतो. अरिथमेटिकसाठी आधी साइन्ड करून सरकवा, मग परत कापा. जाता जाता, "उजवा शिफ्ट म्हणजे दोनने भागणं" असं व्हायवात छातीठोक सांगू नका. उणे ७ भागिले २ बिगइंटमध्ये उणे ३, आणि अरिथमेटिक शिफ्टने उणे ४.

बारीकसारीक दोन गोष्टी. टोपीचं चिन्ह, ^, तुमच्या साध्या मोडमध्ये घात आहे आणि प्रोग्रामर मोडमध्ये एक्सऑर. २ ^ १० एकीकडे १०२४, दुसरीकडे ८. प्रोग्रामर मोडच्या बटणावर सरळ अक्षरांत एक्सऑर लिहा. आणि अपूर्णांकाचं टिंब त्या मोडमध्ये बंद करा. आत्ता ७.९ टाकून अँड केलं तर तो मुकाट्याने ७ धरत असेल.

रुंदी बदलताना काय करायचं हेही वापरणाऱ्यावर आहे. ३०० असताना बाइट निवडलं तर ४४ उरतात. आयपी पत्त्यांचा अभ्यास करणाऱ्याला ३२ बिट अनसाइन्ड हवेत, माझ्यासारख्याला सोळा बिट आणि कधी साइन्ड कधी अनसाइन्ड, गणिताच्या मास्तरांना कदाचित नुसतं उणे ६. उलट दिशेला, आठ बिटांतला ११११ १०१० सोळात नेताना साइन्ड असेल तर डावीकडे एक भरायचे, म्हणजे ६५५३०. अनसाइन्ड असेल तर शून्यं, म्हणजे २५० च. मी टाइप करताना न मावणारा आकडा घेतच नाही, पण क्रियेचं उत्तर मात्र कापतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात कापल्याची खूण दाखवतो. दुसरं कुणी वेगळं ठरवील, हरकत नाही. ठरवा आणि रिपोर्टमध्ये लिहा.

तपासणीसाठी हे चार आकडे जवळ ठेवा. ९००७१९९२५४७४०९९३ अँड १, उत्तर १ हवं, शून्य आलं तर कुठेतरी डबल उरलाय. सोळा एफ ऑर शून्य, सोळा एफच हवेत. आठ बिटांत ई२ चं नॉट १डी. आणि १९२.१६८.१०.७७ हा पत्ता एका आकड्यात लिहिला की ३२३२२३८१५७ होतो, त्याचं अँड २५५.२५५.२५५.१९२ शी केलं की शेवटचा भाग ६४ राहायला हवा आणि आकडा उणे दिसता कामा नये.

पडद्यावर दशमान उत्तराच्या खाली बिटांची ओळही दाखवा, चार-चारच्या गटात. व्हायवाला सरांसमोर बाइट आणि अनसाइन्ड ठेवून नॉट ५ करा, २५० येईल, सर खूश. मग काही न बोलता साइन्डचं बटण दाबा. वर उणे ६ होईल आणि खालची ओळ हलणार नाही.